सुलोचनेचं सुतक

आमच्या वाचनालयाच्या सूचना-वहीत बारा वर्षांत एकूण नऊ सूचना आल्या, आणि त्यातल्या आठ पंख्याबद्दलच्या होत्या. नववी राजेश्वरीची. तिनं गोलगोल अक्षरात लिहिलं होतं: ‘दाखल क्रमांक ४१२ या पुस्तकाच्या भाषांतरकारांनी शेवट बदललेला आहे. मूळ पुस्तकात मेलेल्या बाईला त्यांनी जिवंत ठेवले आहे. तरी योग्य ती कारवाई व्हावी.’ खाली सही, मोबाईल नंबर आणि मुक्काम पोस्ट मळवली.

मी तिला बोलावून सांगितलं, बाई गं, हे भाषांतरकार एक हेडमास्तर होते आणि त्यांना जाऊन साठ वर्षं झाली. आता कारवाई कुणावर करू?

“मग त्यांच्या घरी तरी कळवा,” ती म्हणाली.

इतकी चीड मी आमच्या वाचकांत कधी पाहिली नव्हती. लोणावळ्याच्या बाजारात पंक्चरच्या दुकानाच्या माडीवर आमच्या दोन खोल्या आहेत. वर चढून येणाऱ्या दहांपैकी सहाजण पर्यटक असतात आणि त्यांना बाथरूम हवं असतं. उरलेल्या चौघांतले तिघे पेपरातलं शब्दकोडं सोडवायला येतात, तेही पेनानं. इथला ग्रंथपाल, कारकून आणि शिपाई मीच. लोक मला कैलासभाऊ म्हणतात. अशा ठिकाणी दर शनिवारी मळवलीहून एक पोरगी यावी, ‘परकीय’ अशी चिठ्ठी लावलेल्या कपाटापुढं उभी राहावी आणि त्यातूनही तिनं फक्त फ्रेंच कादंबऱ्या मागाव्यात, हे मला पहिले सहा महिने संशयास्पदच वाटत होतं. मी तिच्या पिशवीवर नजर ठेवून असायचो.

राजेश्वरी म्हणजे सोपानची मुलगी. सोपान मळवलीजवळ एका मुंबईकरांच्या बंगल्याची राखण करतो. बंगल्याचं नाव ‘सी व्ह्यू’. गच्चीवर उभं राहिलं की भाताची खाचरं दिसतात आणि त्यापलीकडं एक्सप्रेसवे. मालक वर्षातून दोनदा येतात. उरलेले दिवस चादरी झटकणं, खिडक्या उघडणं आणि खिडक्या लावणं हे काम राजेश्वरीचं. बी.कॉम. झालेली, तेवीस वर्षांची, अंगानं काटकुळी आणि बोलायला फटकळ. फ्रेंच कादंबऱ्यांबद्दल तिची मतं पक्की होती. “भाऊ, बाई पहिल्याच पानावर खिडकीत उभी असली की समजायचं, हिचं काही खरं नाही. आणि लग्न पहिल्या प्रकरणात झालं तर पुस्तक मूळचं, शेवटच्या प्रकरणात झालं तर भाषांतरकाराचं.”

एकाच कादंबरीची दोन भाषांतरं मिळाली की ती शेजारीशेजारी मांडून पेन्सिलीनं खुणा करत बसायची. एकात बाई सूप पिते, दुसऱ्यात कढी. एकात नवराबायको पानभर भांडतात, दुसऱ्यात त्या जागी तीन फुल्या. “यातलं खरं कोण बोलतंय?” एवढा एकच प्रश्न तिला पडायचा, आणि तो ती मला विचारायची. मला काय कळणार, कपाळ! मी म्हणायचो, दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील. असलं उत्तर तिला अजिबात खपायचं नाही.

शेवटी तिनं फ्रेंच शिकायचं ठरवलं. बंगल्यात मालकांचं कॉफीचं मशीन होतं आणि त्याच्या माहितीपुस्तकात तोच मजकूर इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये होता. ‘टाकी रिकामी असताना यंत्र चालू करू नये’ हे तिचं पहिलं फ्रेंच वाक्य. ते तिनं मला इतक्या भावनेनं म्हणून दाखवलं, की मला वाटलं कविता आहे. मग मोबाईलवरचे धडे झाले, मी रद्दीतून काढून दिलेलं व्याकरण झालं, आणि चार वर्षांत ती नेटवर मिळणाऱ्या जुन्या कादंबऱ्या मुळातून वाचायला लागली. तिथंच तिला ४१२ नंबरचं बिंग कळलं.

हे ४१२ म्हणजे ‘बंद दार अथवा सुलोचनेची कर्मकथा’. मुळात ती सोलिन नावाची फ्रेंच बाई. हेडमास्तरांनी तिची सुलोचना केली, तिचं गाव उचलून घाटमाथ्यावर आणलं, बर्फाचं धुकं केलं आणि दारूचं ताक. गोष्ट साधी आहे. नवरा गिरणीवाला, हात उचलणारा. सुलोचना एक दिवस घर सोडते आणि तीन दिवस चालत माहेरी येते. मूळ पुस्तकात आई दार उघडत नाही, आणि सोलिन पायरीवर गारठून मरते. हेडमास्तरांच्या पुस्तकात आई दार उघडते, मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडतात, नवऱ्याला पश्चात्ताप होतो आणि सगळे मिळून पुरणपोळी जेवतात.

राजेश्वरीला एवढं झोंबलं ते नुसतं पुस्तकापायी नव्हतं, हे मला उशिरा कळलं. माधवी तिची वर्गमैत्रीण, बंगल्याजवळच्या वाडीतल्या धोंडाबाईची मुलगी. दोघी शाळेपासून एकच पुस्तक मिळून वाचायच्या. डावं पान एकीनं मोठ्यानं वाचायचं, उजवं दुसरीनं. माधवीला इंदुरी गावी दिली. दोन वर्षांपूर्वी ती नवऱ्याचं घर सोडून एका पहाटे आईच्या दारात आली, दार वाजवत राहिली आणि उजाडायच्या आत परत गेली. आता ती आंबीच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे आणि चार मुलींबरोबर खोली घेऊन राहते. “मला झोप लागल्याली, कानावर आलं न्हाई,” असं धोंडाबाई सगळ्यांना सांगायची, आणि त्याच दमात पुढं म्हणायची, “आन् आता यायचं बी न्हाई तिनं. नांदायचं न्हाई तर हितं तोंड दाखवायचं न्हाई.”

धोंडाबाईनं माधवीला घरी आणावं, एवढंच राजेश्वरीला हवं होतं. दोन वर्षं तिनं मिनतवाऱ्या केल्या. धोंडाबाईनं तिलाच सुनावलं, “तुज्या पुस्तकांनीच माज्या पोरीचं डोस्कं फिरवलं.”

आता मुख्य गोष्टीकडं येतो. मी सांगतोय त्यातला शब्दही वाढवलेला नाही, कारण यात वाढवायला जागाच नाही.

भाताची आवणी उरकली की श्रावणात वाडीतल्या बाया देवळात अकरा दिवस पोथीचं पारायण करतात. वाचायला तीस वर्षं येसूबाई. यंदा येसूबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि वाचायला बंदी केली. आवाज खणखणीत म्हणून राजेश्वरीला बसवायचं ठरलं. राजेश्वरी त्या दिवशी देवळातून तशीच लोणावळ्याला येणार होती, म्हणून तिच्याजवळ परत करायचं ४१२ होतं. पुस्तकाची शिलाई सुटलेली, पानं निसटत होती, तेव्हा तिच्या आईनं हाताला लागलेल्या लाल फडक्यात ते बांधून दिलं होतं. पोथीही लाल फडक्यात. चौरंगावर दोन लाल बासनं शेजारीशेजारी. येसूबाईनं काळ्या चष्म्याआडून हातानं चाचपून एक पुढं ओढलं, त्याला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, नारळ ठेवला, अकरा दिवसांचा संकल्प बोलून दाखवला आणि उजव्या हातावरून पाणी सोडलं.

राजेश्वरीनं बासन सोडलं तर आत हेडमास्तरांची प्रस्तावना.

“आजी, ही पोथी न्हाई. ही कादंबरी हाय, वाचनालयाची.”

कुणीतरी म्हणालं, हळदकुंकू पुसून त्या दुसऱ्या बासनाला लावा. येसूबाई उखडलीच. “अक्षता पडल्याव नवरा बदलता का गं तुमी? ज्याच्याव पाणी सोडलं, तेच वाचायचं.” मग ती राजेश्वरीकडं वळली. “बाईची हाय का गोष्ट?”

“व्हय.”

“दुक्क भोगती का?”

“लय.”

“मग पोथीच की ती. वाच.”

अशा रीतीनं मळवलीजवळच्या त्या देवळात एका फ्रेंच कादंबरीचं पारायण बसलं. वाचणारीला पारायणाचे सगळे नियम लागू. राजेश्वरी अकरा दिवस एकभुक्त राहिली आणि कांदालसूण वर्ज्य केलं. पाटावर बसून रोज तीन प्रकरणं वाचायची. प्रकरण संपलं की बाया हात जोडायच्या आणि आरती व्हायची. चौथ्या दिवशी तिला राहवेना. तिनं पुस्तक मिटून सांगितलं, की ही सुलोचना खरी फ्रान्सची आहे. बाया जराही विचलित झाल्या नाहीत. “तिकडं दिली आसंल,” एकीनं खुलासा केला आणि दुसरीनं विचारलं, फ्रान्स इंदुरीच्या अलीकडं की पलीकडं. सातव्या दिवशी शेजारच्या वाडीतल्या बाया यायला लागल्या आणि राजेश्वरीच्या बापाला बंगल्यातली सतरंजी देवळात आणून टाकावी लागली.

आणि सगळ्यांत पुढं, खांबाला टेकून, धोंडाबाई. तिच्याइतकं कुणी रंगलं नव्हतं. गिरणीवाल्यानं सुलोचनेवर हात उचलला तेव्हा ती मोठ्यानं म्हणाली, “आग लागू त्याच्या गिरणीला.” सुलोचना निघाली, तेव्हा तिनं पदर डोळ्याला लावला तो आरती संपली तरी काढला नाही. राजेश्वरी वाचता वाचता तिच्याकडं बघत होती.

दहाव्या दिवशी राजेश्वरी वाचनालयात आली. उपासानं आणखी वाळली होती. म्हणाली, “भाऊ, उद्या शेवट. छापलेला वाचू की खरा?”

“यात विचारायचं काय?” मी म्हणालो. “छापलेल्या शेवटात आई दार उघडते. धोंडाबाई ते ऐकेल, पाघळेल, माधवीला घेऊन येईल. तुला हेच हवंय ना?”

“पण ते खोटं आहे.”

“असेना! खोट्यानं एखादी पोरगी घरी येत असेल तर हेडमास्तरांना पुण्य लागेल.”

ती बराच वेळ कपाटापुढं उभी राहिली आणि निघून गेली. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. व्यवहारज्ञान म्हणतात ते हेच, असं मी मनाशी म्हणालो.

समाप्तीला मलाही आमंत्रण होतं. राजेश्वरीनं हेडमास्तरांचा शेवट वाचला, आणि नीट वाचला, उगाच नाव कशाला ठेवू. दार उघडलं, मायलेकी भेटल्या. देवळातल्या सगळ्या बाया रडल्या आणि सगळ्यांत जास्त धोंडाबाई. मग ती उठली, डोळे पुसले आणि स्वतः सगळ्यांना पेढे वाटायला लागली. चेहरा असा हलका झालेला, जसा चार दिवसांचा ताप उतरावा. माझ्या हातावर दोन पेढे ठेवले.

राजेश्वरी पाटावरून उठून तिच्याजवळ गेली. “मावशी, मग आता माधवीला आणू या?”

“तिचा काय संबंध?” धोंडाबाई म्हणाली. आवाजात राग सुद्धा नव्हता. “सुलोचना सुखात पडली, आपुन रडून घेतलं, झालं. ती पोथीतली आई. ती देवमाणूस हुती.”

आणि पुढच्या बाईला पेढा दिला.

माझं व्यवहारज्ञान तिथंच गळून पडलं. धोंडाबाईच्या वाट्याचं दार हेडमास्तरांनी परस्पर उघडून टाकलं होतं. तिला आता उठून काही करायची गरजच उरली नव्हती. पोटभर रडून ती मोकळी झाली होती, आणि तो सल्ला माझा होता. मला माझीच लाज वाटली.

राजेश्वरीचा चेहरा लालबुंद झाला. ती ओरडलीच, “खोटं हाय ते! दार उघडलंच न्हाई तिच्या आईनं. मेली ती!”

हातातले पेढे हातात राहिले. धोंडाबाई म्हणाली, “छापल्यालं खोटं? आन् तू कशावरून सांगतीस?”

राजेश्वरीनं मोबाईल काढला, पुन्हा पाटावर बसली आणि फ्रेंच वाचायला लागली. एक वाक्य फ्रेंच, मग त्याचं मराठी. कॉफीच्या मशीनपासून सुरू झालेली ती भाषा त्या देवळात घुमायला लागली आणि बायांनी आपोआप हात जोडले. तिनं सांगितलं: सोलिननं तीनदा दार वाजवलं. तिसऱ्यांदा आत पाऊल वाजलं. पाऊल दारापर्यंत आलं आणि थांबलं. सोलिन म्हणाली, आई. मग ते पाऊल परत आत गेलं.

“तिकडं आईला काय म्हणत्यात?” येसूबाईनं विचारलं.

“मामाँ.”

“म्हंजी तेच,” येसूबाई म्हणाली.

पुढची चार वाक्यं राजेश्वरीनं वाचली. सकाळी दूधवाल्याला सोलिन सापडली. तिच्या पापण्यांवर बर्फ होता. या वेळी तिनं बर्फाला बर्फच म्हटलं. वाचून झालं तेव्हा कुणी रडलं नाही. धोंडाबाईनं पेढ्यांचं ताट खाली ठेवलं, पदर खोचला आणि कुणाकडं न बघता देवळातून निघून गेली.

मग येसूबाईनं विचारलं, “कवा वारली?”

“लय दिस झालं आजी. दीडशे वर्षं.”

“आपल्याला आज कळलं न्हवं? मग सुतक आजपासनं. अकरा दिस आपल्यात बसली-उठली, ती काय परकी?”

आणि खरोखर सुतक धरलं. देवळाची घंटा फडक्यानं बांधून टाकली. घराघरात फोडणी बंद, गोडधोड बंद, देवपूजा बंद. पुरुषमंडळी आधी हसली, मग दोन दिवस बिनफोडणीची आमटी खाल्ल्यावर त्यांचं हसू मावळलं. सगळ्यांत मोठी पंचाईत पप्पूची. तो वाडीच्या दहीहंडी मंडळाचा अध्यक्ष, डीजे ठरवून बसलेला, आणि हंडी नेमकी सुतकात येत होती. तो धावत वाचनालयात आला.

“भाऊ, ती बाई हयात आसल्याचा दाखला द्या. वाचनालयाच्या लेटरहेडव. शिक्का मारून.”

मला मोह झाला, नाकारत नाही. मी त्याला छापील शेवटाच्या पानाची झेरॉक्स दिली. तो ती घेऊन येसूबाईकडं गेला आणि तासाभरानं पडलेल्या चेहऱ्यानं परत आला. “आजी म्हणती, कागद काय बी सांगतू, पोरीनं मूळ वाचलंय.” हंडी रद्द झाली. भाषांतराच्या अचूकतेपायी दहीहंडी रद्द झाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या ऐकिवात नाही.

या दिवसांत धोंडाबाई घराबाहेर पडली नाही. सुतक पाळतेय की सुतकावर रुसलीय, हे कुणाला कळेना. राजेश्वरी दोनदा तिच्या दारात जाऊन आली. आतून कडी होती.

दहाव्याची तयारी सुरू झाली तेव्हा प्रश्न आला, पिंड कोण देणार. मयताचं मावळात कुणी नाही. येसूबाईनं ४१२ मागवलं, पहिलं पान उघडायला लावलं आणि विचारलं, हा गोल शिक्का कुणाचा?

“वाचनालयाचा,” राजेश्वरी म्हणाली.

“मग माणूस त्यांचंच.”

मी हरप्रकारे नाही म्हणालो. शेवटी राजेश्वरीनं माझ्याकडं नुसतं बघितलं, आणि तो चुकीचा सल्ला कुणाचा होता हे मला आठवलं. दहाव्या दिवशी सकाळी मी इंद्रायणीच्या काठी दगडावर बसलो आणि न्हाव्यानं माझे होते नव्हते तेवढे केस काढले. कामशेतहून आणलेल्या गुरुजींनी मला विचारलं, मयत आपल्या कोण? मी म्हणालो, दाखल क्रमांक चारशे बारा. त्यांना वाटलं मला दुःखानं सुचत नाही. गोत्र माहीत नाही म्हटल्यावर त्यांनी काश्यप लावलं आणि विधी पुढं चालू केले. नाव मात्र राजेश्वरीनं सुलोचना लावू दिलं नाही. गुरुजींनी तीन वेळा प्रयत्न करून ‘सोलिन’ म्हटलं तेव्हाच ती मागं सरली.

पिंड ठेवले. वर बाभळीवर चांगले सात-आठ कावळे होते, पण एकही खाली येईना. जिवाची इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, आणि ती इच्छा ओळखून शब्द द्यावा लागतो, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. पण फ्रेंच बाईची इच्छा काय असणार? एक बाई पुढं होऊन म्हणाली, तुझ्या नवऱ्याचं वाटोळं होईल. कावळा हलला नाही. दुसरी म्हणाली, तुझ्या नावानं वडाला पाणी घालू. राजेश्वरी हात जोडून म्हणाली, “मी तुझं पुस्तक पुन्हा मराठीत करीन. एक शब्द बदलणार नाही.” तिच्या लेखी याहून मोठं वचन जगात नव्हतं. कावळ्यानं चोच फांदीवर घासली. मी म्हणालो, वाचनालयात नवं कपाट घेईन. दोन कावळे उडूनच गेले.

तास झाला. वरून भुरभुर चालू, आणि माझ्या ताज्या गोट्याला गार वारा झोंबत होता. गुरुजी घड्याळ बघत म्हणाले, आता दर्भाचा कावळा करून लावू आणि मोकळे होऊ.

तेवढ्यात मागून आवाज आला, “थांबा.”

धोंडाबाई. कधी आली कुणास ठाऊक. छत्री घेऊन सगळ्यांच्या मागं उभी होती. बायांनी वाट दिली. ती पिंडापाशी आली, छत्री मिटली आणि उभ्यानंच बोलायला लागली. कावळ्यांकडं तिनं पाहिलं सुद्धा नाही.

“मी जागीच हुते गं माधे. तू पैल्यांदा वाजवलं तवाच उठले. कडीला हात बी लावला. तुजा आवाज आला, आई म्हणालीस. मला वाटलं, लोक काय म्हणतील. आन् मी परत जाऊन पडले.”

राजेश्वरी रडत होती. मीही रडत होतो. भादरलेल्या डोक्याच्या माणसाला तेवढी मुभा असते. धोंडाबाईनं नाक पुसलं आणि पिंडाकडं बघत थोडा वेळ उभी राहिली. कावळा काही आला नाही. मग तिचं टाळकं सरकलं.

“मरू द्या त्या कावळ्यांला,” ती म्हणाली. “भाऊ, गाडी काढा. आंबीला जायचंय.”

गुरुजी म्हणाले, विधी अर्धा टाकून यजमानांना जाता येणार नाही. येसूबाई म्हणाली, जाऊ द्या, शिक्का हितं हाय की, आणि पुस्तक पिंडाशेजारी ठेवून दिलं. पुढं कावळा शिवला की गुरुजींनी दर्भाचा केला, ते मला माहीत नाही. ओल्या पंच्यावर शर्ट घालून मी स्कूटरला किक मारली. मागं धोंडाबाई बसली आणि तिच्या मागं राजेश्वरी. गोटा केलेल्या डोक्यावर हेल्मेट ठरेना; ब्रेक लावला की ते डोळ्यांवर यायचं. वडगावच्या पुढं पोलिसानं तिघं म्हणून अडवलं, माझा अवतार पाहिला, हात जोडले आणि सोडून दिलं.

वाटेत धोंडाबाई एकच वाक्य बोलली. “वळखंल का मला?” राजेश्वरी मागून म्हणाली, “व्हय मावशी.” पण तिचा आवाज बसलेला होता.

आंबीच्या कंपनीच्या गेटवर वॉचमननं वही पुढं केली. भेटणाऱ्याचं नाव, कुणाला भेटायचं, नातं. धोंडाबाईला लिहिता येत नाही. वॉचमननं विचारलं, नातं काय लावू? ती म्हणाली, “आई.” वॉचमननं आत फोन केला. आम्ही पत्र्याच्या शेडखाली उभे राहिलो. दहा मिनिटं झाली, मग पंधरा. “न्हाई येयाची,” धोंडाबाई म्हणाली. “म्या बी न्हाई उघडलं, ती तरी का येईल?” पण गेटपासून हलली नाही.

मग माधवी आली. डोक्याला जाळीची टोपी, हातात मोजे. आईला बघून ती लांबच थांबली. नंतर तिची नजर माझ्या डोक्यावर गेली, माझ्या ओल्या पंच्यावर गेली, मग राजेश्वरीच्या सुजलेल्या डोळ्यांवर. तिचा चेहरा पांढरा पडला.

“कोण गेलं?” तिनं विचारलं.

राजेश्वरीनं सांगायला तोंड उघडलं. खरं तेच सांगणारी पोरगी ती. कोण गेलं, कुठं गेलं, किती वर्षांपूर्वी, सगळं तिला तोंडपाठ होतं.

“कुणी न्हाई गेलं,” धोंडाबाई म्हणाली. “घरी चल.”

राजेश्वरीनं तोंड मिटलं.